स्वस्त झालेले मार्क आणि महाग झालेली परीक्षा

(पोस्ट मोठी आहे. घरात आठवी ते बारावीचं मूल असेल तर सवडीने वाचा.)

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावात फ्लेक्सचा हंगाम सुरू होतो. ९४ टक्के, ९६ टक्के, ९८.२० टक्के. प्रत्येक क्लासचा वेगळा फ्लेक्स, आणि गंमत म्हणजे एकच मुलगी तीन क्लासच्या फ्लेक्सवर. मी गेली काही वर्षं आजूबाजूच्या मुलांना अकरावीचे आणि पॉलिटेक्निकचे फॉर्म भरायला मदत करतो. त्या दिवसांत पालकांचा एक प्रश्न हमखास येतो, "दादा, पोरीला ९१ टक्के पडलेत, तरी पाहिजे ते कॉलेज का मिळंना?"

उत्तर एका वाक्यात सांगता येतं. तुमच्या मुलीला ९१ आहेत, पण ९० च्या वर राज्यात हजारो मुलं आहेत. मात्र हे उत्तर अर्धंच आहे. ही हजारोंची गर्दी झाली कशी, आणि तिची किंमत कोण मोजतंय, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. म्हणून हा इतिहास.

आधी एक आकडा बघा. ७५० पैकी २८२. टक्केवारी काढली तर ३८ सुद्धा भरत नाही. आज एवढे मार्क पडले तर घरात सुतक लागेल. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांचे हे गुण चरित्रग्रंथांत नोंदलेले आहेत. त्या यशाबद्दल मुंबईत त्यांच्या कौतुकाची सभा भरली होती. सी. के. बोले सभेला होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला ही तेव्हा किती मोठी गोष्ट होती, ते यावरून कळतं. आणि दुसरी गोष्ट अशी की, मार्कांच्या आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. तो कोणत्या परीक्षेत मिळाला, पेपर कोणी तपासला, आणि तेवढे मार्क आणखी किती जणांना मिळाले, यावर त्याची किंमत ठरते. नोटांसारखंच आहे हे. छापखाना कोणाच्या हातात आहे, ते आधी बघायचं.

मॅट्रिक म्हणजे मुळात विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी आणली, तिच्यात घोकंपट्टी भरपूर होती, आणि तिथवर पोचणारी मुलं बहुतेक वरच्या जातींतली होती. हे सगळं खरं. पण तिच्यात एक गुण होता. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा. रत्नागिरीच्या शाळेतला मुलगा काय लायकीचा, हे रत्नागिरीचे मास्तर ठरवत नव्हते, वशिला ठरवत नव्हता, आडनाव ठरवत नव्हतं. निदान कागदावर तरी.

हा गुण महात्मा फुल्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारच्या शिक्षणधोरणावर कोरडे ओढले. शेतकऱ्याच्या घामातून आलेला कराचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. आणि त्याच निवेदनात, घरी खासगी अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या परीक्षांची दारं उघडी असावीत, हा आग्रहही धरला. विचार करा, असं का? कारण ज्याला कॉलेजची फी परवडत नाही, ज्याला वर्गात बसू दिलं जात नाही, त्याच्यासाठी परीक्षा ही एक उघडी खिडकी असते. शिकलास कुठे, हे ती विचारत नाही. येतं का, एवढंच विचारते.

या लेखात मला जे सांगायचं आहे त्याची मुळी इथे आहे. सामायिक परीक्षा ही गरिबाच्या पोराने अनोळखी माणसाला लिहिलेली चिठ्ठी असते. श्रीमंताला चिठ्ठी लागत नाही, त्याची ओळख असते. गरिबाची चिठ्ठी खोटी निघायला लागली, की तो पुन्हा दारात उभा.

गावोगावी हीच भूमिका सातवीच्या 'व्हर्नाक्युलर फायनल'ने पार पाडली. फायनल पास झालेली माणसं प्राथमिक शाळेत मास्तर झाली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घराण्यात पहिला पगार या परीक्षेने आणलाय. जुन्या लोकांना विचारा, 'फायनल' हा शब्द ते आजही वेगळ्याच आवाजात उच्चारतात.

स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एसएससी आली. महाराष्ट्र झाल्यावर १९६५ च्या कायद्याने राज्य मंडळ तयार झालं आणि १९६६ पासून कामाला लागलं. सत्तरच्या दशकात १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि अकरावीची मॅट्रिक दहावीवर आली. आज मंडळाचे नऊ विभाग आहेत आणि दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलं दहावीला बसतात. या यंत्रणेचा आवाका डोळ्यांपुढे आणा. गडचिरोलीतली आश्रमशाळा आणि दादरची नामांकित शाळा, दोघांना एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, बैठक क्रमांक. तपासणारा भलत्याच गावचा. तपासल्यावर नियामकाची नजर. परीक्षेची फी काही शे रुपये, आणि केंद्र एसटीने जाऊन-येऊन होईल इतक्या अंतरावर. एवढ्या स्वस्तात एवढ्या मुलांना एकाच तराजूत तोलणारी दुसरी गोष्ट आपल्याकडे नाही.

तो तराजू कठोर होता, आणि पुष्कळदा क्रूर होता. मी दहावी दिली तेव्हा निम्मी मुलं नापास होणं यात कोणाला काही वावगं वाटत नसे. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांनी खेड्यातल्या कितीतरी हुशार पोरांचं शिक्षण तिथंच संपवलं. 'दहावी नापास' हा शिक्का घेऊन माणसं आयुष्यभर खाली मान घालून वावरली. मुलींच्या बाबतीत तर नापास झाली की स्थळ बघायला सुरुवात. शिवाय कॉपीची केंद्रं होती, खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे काका-मामा होते. गुणवत्ता यादीचं वेड तर विचारूच नका. एका मार्काने यादीतून नाव गेलं म्हणून घरात चूल न पेटल्याचे किस्से आहेत. ती यादी पुढे मंडळाने बंद केली, बरंच केलं. तेव्हा 'जुनं तेच सोनं' असं म्हणायला मी इथे आलेलो नाही.

आता मार्क वाढायला सुरुवात कशी झाली ते बघू. यात कोणी एक खलनायक सापडत नाही. प्रत्येक पायरी त्या-त्या वेळी वाजवीच वाटत होती.

भांडणाचं मूळ मुंबई-पुण्याच्या अकरावी प्रवेशात. चांगल्या ज्युनिअर कॉलेजांत जागा मोजक्या. तिथे एसएससीची मुलं, सीबीएसईची मुलं आणि आयसीएसईची मुलं एकाच रांगेत. तीन बोर्डांचे तीन तराजू, आणि तुलना मात्र थेट टक्क्यांची. आपल्या मुलांवर अन्याय होतो, अशी ओरड सुरू झाली. ती अगदीच खोटी नव्हती. आयसीएसईची टक्केवारी पाच विषयांवर निघायची, आपली सगळ्या विषयांवर.

मग सरकारने उपाय शोधले. २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलं. २००९ मध्ये ९०:१० चा कोटा आणला, ९० टक्के जागा एसएससीला. तोही न्यायालयात टिकला नाही. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, म्हणजे सहापैकी ज्या पाच विषयांत जास्त मार्क ते धरायचे. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि ते रुजलं.

या तीन वर्षांत काय घडलं ते नीट पाहा. पर्सेंटाइल म्हणजे 'तुमच्या बोर्डात तुम्ही कितवे' हे मोजणं. त्याने मार्क वाढत नाहीत, फक्त तुलना होते. ते सूत्र पडलं. आणि ज्याने प्रत्येकाची टक्केवारी वर जाते, ते टिकलं. मला वाटतं, आपल्या मार्कांच्या इतिहासातलं खरं वळण हे आहे. तराजू जुळवण्याचा रस्ता बंद झाला आणि वजन वाढवण्याचा रस्ता खुला राहिला.

जोडीला आले अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण. कल्पना चांगलीच होती. पोराला बोलता येतं का, तो उपक्रम करतो का, हे तीन तासांच्या पेपरात कळत नाही. शाळेच्या मास्तरांना ते रोज दिसतं. पण प्रत्यक्षात काय झालं, ते कोणत्याही शाळेच्या शिक्षकखोलीत चहा पिताना विचारा. वीसपैकी अठरा, एकोणीस, वीस. सगळ्यांना. आणि शिक्षकाला दोष तरी कसा द्यायचा? शेजारची शाळा वीस देते, आपण चौदा दिले तर नुकसान आपल्याच मुलांचं. शाळेचा निकाल घसरला तर पुढच्या वर्षी तुकडी टिकेल का, अनुदानाचं काय, नोकरीचं काय. प्रामाणिक शिक्षकाला शिक्षा आणि उदार शिक्षकाला बक्षीस, अशी रचना केल्यावर सगळेच उदार होणार. शिवाय चित्रकला, खेळ, लोककला यांचे वाढीव गुण आले. त्यामागचा हेतूही चांगला, पण बेरजेत तेही आलेच.

आता माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा. २०१९ साली मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले हे अंतर्गत गुण काढून टाकले. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे लक्षात ठेवा. दहावीच्या निकालाचे आकडे असे:

२०१८ : निकाल ८९.४१ टक्के, ९० टक्क्यांच्या वर ६३,३३१ मुलं, शंभर टक्के मिळवणारी १२५.
२०१९ : निकाल ७७.१० टक्के, नव्वदच्या वर २८,५१६, शंभर टक्के २०.
२०२० : अंतर्गत गुण परत आले. निकाल ९५.३० टक्के, नव्वदच्या वर ८३,२६२, शंभर टक्के २४२.

२०१८ ची मुलं हुशार, २०१९ ची मठ्ठ आणि २०२० ची महाहुशार, असं कोणी म्हणेल का? मुलं तीच आहेत, त्याच गावांतली, त्याच शाळांतली. २०१९ मध्ये नव्या अभ्यासक्रमाचा वाटा असेल. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही आणि सरासरी गुण दिले गेले, त्याचाही असेल. पण नव्वदीची मुलं एका वर्षात निम्म्याहून कमी होतात आणि पुढच्या वर्षी जवळपास तिप्पट होतात, तेव्हा फरक मुलांत नसून मोजपट्टीत आहे, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

आणि २०१९ मध्ये घडलं काय? गुण काढल्याबद्दल पालक रस्त्यावर. 'सीबीएसईवाल्यांना अंतर्गत गुण आहेत, आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?' हा त्यांचा सवाल बिनतोड होता. एकट्याने प्रामाणिक राहण्याची किंमत एकट्यालाच भरावी लागते. त्याच वर्षी निर्णय फिरवला गेला.

मग आलं २०२१. कोरोनामुळे परीक्षाच रद्द. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी चाचण्यांचे ३०, आणि तोंडी-गृहपाठ-प्रात्यक्षिकाचे २०, असं सूत्र ठरलं. म्हणजे सगळेच्या सगळे मार्क शाळेच्या हातात. निकाल ९९.९५ टक्के. ९५७ मुलांना शंभर टक्के. नव्वदच्या वर एक लाखाहून जास्त. त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता, हे मान्य. पण त्या निकालावर सरकारचाच विश्वास नव्हता, कारण लगेच अकरावीसाठी वेगळी सीईटी जाहीर झाली. चार विषय, शंभर गुण, दोन तास. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती, म्हणून इतर बोर्डांच्या मुलांवर अन्याय होतो असा आक्षेप आला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. शेवटी ज्या मार्कांवर कोणाचा भरवसा नव्हता, त्याच मार्कांवर प्रवेश झाले. त्यानंतर परीक्षा पुन्हा सुरू झाल्या, तरी निकाल नव्वदीच्या खाली आलेला नाही. २०२५ मध्ये ९४.१० टक्के, आणि शंभर टक्के मिळवणारी २११ मुलं.

इथे कोणी म्हणेल, "पोरं पास होतायत, आनंदात आहेत, तुमच्या पोटात का दुखतंय?"

पास होण्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. दहावीला कोणाचं आयुष्य संपू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ९१, ९४ आणि ९८ यांत फरक काय, हे सांगण्याची ताकद बोर्डाच्या परीक्षेने गमावली. पण निवड तर करावीच लागते. मेडिकलच्या जागा मोजक्या, चांगल्या इंजिनिअरिंगच्या मोजक्या. एका चाळणीची भोकं मोठी झाली की दुसरी चाळण येते. ती दुसरी चाळण फुकट नसते.

आपल्याकडे १९९९ च्या सुमारास मेडिकलसाठी सीईटी आली. त्याआधी बारावीचे मार्क चालायचे. लातूर पॅटर्न हा शब्द त्या काळातला. दुष्काळी मराठवाड्यातल्या एका गावाने, पुण्या-मुंबईच्या नाकावर टिच्चून, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुलं झळकवली. भरपूर सराव, रोज चाचण्या, कडक शिस्त. कोणी त्याला घोकंपट्टी म्हणो, पण ती घोकंपट्टी कॉलेजात व्हायची, कॉलेजच्या मास्तरांकडून व्हायची. पुढे परीक्षा बदलल्या तसं लातूरही बदललं. आज लातूरची ओळख नीटच्या क्लासेसचं गाव अशी आहे. आणि दहावीत शंभर टक्के मिळवणाऱ्यांतही लातूर विभागच पुढे, २०२५ च्या २११ पैकी ११३ तिथले. दोन्ही चाळण्यांवर लातूरचा हात बसलाय, असं म्हणायचं.

इंजिनिअरिंगची गोष्ट आणखी बोलकी. जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क पर्सेंटाइलने जुळवून घेतले जायचे. आपल्या राज्यानेही २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं जेईई आणि बारावी असे निम्मे-निम्मे धरून प्रवेश दिले. मग ते बंद झालं. २०१७ पासून जेईईत बारावीचं वजन गेलं आणि मेडिकलला सगळीकडे नीट आली.

दिल्ली विद्यापीठात २०११ साली एका नामांकित कॉलेजचा कटऑफ शंभर टक्क्यांवर गेला होता, देशभर चर्चा झाली. २०२१ मध्ये अनेक कॉलेजांत, अनेक विषयांना शंभरचा कटऑफ लागला. शंभरच्या वर जागाच नाही, मग निवडणार कशी? २०२२ पासून तिथे सीयूईटी सुरू झाली. म्हणजे हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. सगळीकडे क्रम तोच, आधी बोर्डाचे मार्क फुगतात, मग त्यांची पत जाते, मग नवी परीक्षा येते, आणि नव्या परीक्षेमागोमाग क्लासवाले येतात.

याचा खर्च तुमच्या घरात शोधा. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलाला कॉलेजची फी किती आणि क्लासची किती? आमच्याकडे अशी घरं आहेत की पोर कॉलेजात फक्त नावाला दाखल असतं, दिवसभर क्लासमध्ये. बाप दोन एकर गहाण टाकतो, नाहीतर आई बचत गटातून कर्ज काढते. ज्याच्याकडे गहाण टाकायला काही नाही, तो ९३ टक्क्यांची मार्कशीट हातात घेऊन बीएस्सीला किंवा कुठल्यातरी डिप्लोमाला जातो, आणि आपण कुठे कमी पडलो हे त्याला कळतही नाही. बोर्डाने तर तो हुशार असल्याचं लेखी दिलेलं असतं! मला सगळ्यात जास्त त्रास या मुलाचा होतो. नापास मुलाला निदान खरं काय ते सांगितलं जायचं. या मुलाला गोड बोलून फसवलं जातंय.

आता विरुद्ध बाजू, कारण ती भक्कम आहे. प्रमाणित परीक्षा ही काही देवाची सावली नव्हे. तमिळनाडूने दीड-दोन दशकांपूर्वी राज्याची प्रवेश परीक्षा बंद करून बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले, आणि आजही तिथे नीटला विरोध आहे. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये मांडलेला मुद्दा असा की, नीटचा फायदा क्लास परवडणाऱ्यांना, शहरी आणि सुस्थितीतल्या मुलांना होतो, खेड्यातल्या सरकारी शाळांतली मुलं मागे पडतात. हे आपण रोज बघतोच. आणि फुगवटा फक्त बोर्डातच होतो असंही नाही. २०२४ च्या नीटच्या पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. नंतर दुरुस्त निकालात ते १७ उरले. पेपरफुटीचा तपास बिहार-झारखंडपर्यंत गेला, आपल्या लातूरमध्येही गुन्हा दाखल झाला.

पण मग निष्कर्ष काय काढायचा? मी असा काढतो. परीक्षा सामायिक असणं ही चांगली गोष्ट आहे. पण ती शाळेत शिकवलेल्यावर असली पाहिजे, गावाजवळ असली पाहिजे, स्वस्त असली पाहिजे आणि तिचा निकाल खरा असला पाहिजे. बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या तीन गोष्टी आजही आहेत, चौथी आपण घालवली. नीट-जेईईत चौथी बऱ्यापैकी आहे, पहिल्या तीन नाहीत. आपण सोन्यासारखी स्वस्त परीक्षा हातची सोडली आणि महागडी विकत घेतली.

याच महाराष्ट्रात एक नमुना डोळ्यांसमोर आहे. स्कॉलरशिपची परीक्षा. १९५४-५५ पासून चालू आहे. पिढ्यान् पिढ्या चौथी-सातवीला होती, मध्ये पाचवी-आठवीला गेली, आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेतले कितीतरी गुरुजी यासाठी सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता जादा तास घेतात. धनगरवाड्यावरचं पोर जिल्ह्याच्या यादीत आलं की अख्ख्या केंद्राला कळतं की या पोरात काहीतरी आहे. त्या परीक्षेत सगळ्यांना वीसपैकी वीस नसतात, म्हणूनच त्या यादीला किंमत आहे. शिक्षक तेच, मुलं तीच. फक्त मोजपट्टी शाळेच्या हातात नाही, एवढाच फरक.

उलट टोकाला 'असर'चे अहवाल आहेत. देशभरातल्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला देतात. पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना तो वाचता येतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मात्र या मुलांना काय श्रेणी असते ते तुम्ही जाणताच. बाहेरच्या माणसाने येऊन मोजलं म्हणून हे कळलं.

मग करायचं काय? माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे तीन गोष्टी.

१) अंतर्गत गुण ठेवा, पण लेखी गुणांत मिसळू नका. वेगळे दाखवा. एखाद्या शाळेच्या सगळ्या मुलांना तोंडीत वीस आणि लेखीत पस्तीस असतील, तर मंडळाने त्या शाळेला विचारावं.

२) प्रत्येक पेपरात पास व्हायला सोपे प्रश्न भरपूर असू द्या, पण दहा-पंधरा गुण असे ठेवा की जिथे खरोखर विचार करावा लागेल. पास होणं सोपं आणि ९५ मिळवणं अवघड, या दोन्ही गोष्टी एकाच पेपरात बसतात.

३) मुलाला टक्केवारीसोबत हेही ठळकपणे सांगा की राज्यात त्याच्या पुढे किती जण आहेत. तीनही बोर्डांसाठी हे एकत्र करा, म्हणजे कोणा एकाला प्रामाणिकपणाची शिक्षा होणार नाही. २००८ मध्ये हातून निसटलेला धागा हाच आहे.

हे झालं तर उद्या क्लास बंद पडतील, असं मी म्हणत नाही. पण बोर्डाच्या मार्कांची पत परत आली, तर ते मार्क पुन्हा प्रवेशात धरा अशी मागणी करायला आपल्याला तोंड राहील. आज कोणत्या तोंडाने करणार?

आंबेडकरांच्या २८२ मार्कांनी त्यांना कॉलेजच्या दारापर्यंत नेलं, कारण त्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास होता. आज आमच्या वस्तीतल्या ९१ टक्केवाल्या पोरीच्या आकड्यावर खुद्द शिक्षण खात्याचा विश्वास नाही. तिची मेहनत कमी नाही. तिच्या चिठ्ठीवरचा शिक्का आपण पुसट केलाय, आणि तो पुन्हा ठळक करणं हे तिचं काम नाही, आपलं आहे.

शिक्षक मित्रांनी जरूर लिहा, अंतर्गत गुणांबद्दलचा तुमचा खरा अनुभव काय? शाळेचं नाव नको. आणि पालकांनो, बारावीपर्यंत क्लासवर किती खर्च झाला तो आकडाही लिहा. फ्लेक्सवरचे आकडे सगळ्यांनी पाहिलेत, आता हेही दिसू देत.